वाचकांचे प्रश्न : विकिपीडियातून संशोधनाचे धडे

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून मराठी विकिपीडियावरील लेखांचे संपादन द्यावे का? (एक प्राध्यापिका, नाशिक)

उत्तर : अवश्य द्यावे, मात्र नव्या लेखाचा आग्रह धरू नये. ‘लोणार सरोवर उल्कापाताने निर्माण झाले’ या एका वाक्याला आधार शोधतानाही मूळ शोधनिबंध आणि त्यावर बेतलेली बातमी यांतला फरक विद्यार्थ्याला उमगतो. शिवाय विकिपीडियावर स्वतःचे अप्रकाशित संशोधन चालत नसल्याने विधानामागे प्रकाशित स्रोत उभा करावा लागतो. आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, सराव करवून घ्यावा. गुण शब्दसंख्येवर मुळीच देऊ नयेत, त्याने उचलेगिरीला खतपाणी मिळते. लेखाच्या ‘इतिहासा’त प्रत्येक बदल नोंदलेला असतो, तो आणि चर्चापानावर विद्यार्थ्याने इतर संपादकांना दिलेली उत्तरे बारकाईने वाचावीत. कोणी बदल उलटवला, एवढ्यावरून गुण कापू नयेत.