बरोबरीत ‘रोखले’ की ‘सोडवला’?

परळच्या एका क्रीडामंडळाच्या वार्षिक अंकाचे काम पाहणाऱ्या वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधील एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या १९९७ सालच्या एका उपांत्य सामन्यावर त्यांनी टिपण लिहिले आणि त्यात ‘दुसऱ्या श्रेणीतील चेस्टरफिल्डने बलाढ्य मिडल्सब्रोला ३-३ असे बरोबरीत रोखले’ हे वाक्य घातले. मंडळातील एका ज्येष्ठांनी ‘रोखले’वर लाल रेघ मारून ‘सामना बरोबरीत सोडवला’ अशी दुरुस्ती केली आणि समासात शेरा लिहिला, ‘रोखायला ती काय लोकल आहे? हे इंग्रजीचे भाषांतर झाले.’ ‘बरोबरीत रोखणे’ हा प्रयोग मराठीच्या प्रकृतीला धरून आहे का आणि ‘सोडवणे’ त्याची जागा घेऊ शकते का, असे वाचकांचे विचारणे आहे.

लोकलचे उदाहरण देऊन ज्येष्ठांनी नकळत स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली आहे, असे मला वाटते. मोटरमन कुर्ल्याला लोकल थांबवतो. रुळांवर उतरलेले आंदोलक तीच लोकल कुर्ल्याला रोखतात. मोटरमनने गाडी ‘रोखली’ असे आपण कधी म्हणत नाही, कारण थांबणे हा त्या गाडीच्या ठरलेल्या प्रवासाचाच भाग असतो. जे पुढे जाणार हे गृहीत आहे, ज्याला पुढे जायचे आहे आणि ज्याच्या अंगी पुढे जाण्याचे बळही आहे, त्याला दुसऱ्या कोणी आडवे येऊन खिळवले, तरच ते रोखणे होते. (‘रेल रोको’मधला ‘को’ हिंदीचा आहे, मराठी क्रियापदात ‘ख’ आहे. मात्र घोषणेतले ‘रोको’ आपण बदलले नाही, ते ठीकच झाले.) बंदूक रोखणे, नजर रोखणे यांत हेच क्रियापद नेम धरण्याच्या अर्थाने येते, आणि त्या अर्थाची थोडी छटा मला ‘प्रतिस्पर्ध्याला रोखणे’ यातही जाणवते. नुसते आडवे पडून राहणाऱ्याला आपण ‘रोखले’चे श्रेय देत नाही, समोरच्यावर नजर खिळवून उभे राहावे लागते.

आता ‘बरोबरीत’ या रूपाकडे पाहू. ठाण्याला निघालेली गाडी कुर्ल्यात रोखली, फलंदाजीला आलेल्या संघाला दीडशे धावांत रोखले, तसे विजयाकडे निघालेल्या संघाला बरोबरीत रोखले. ‘बरोबरी’ हे येथे वाटेवरचे एक ठाणे आहे आणि सप्तमीचा ‘त’ त्या ठाण्याचा आहे. इंग्रजीतील ‘हेल्ड टू अ ड्रॉ’ शब्दशः उतरवले असते, तर ‘बरोबरीपर्यंत धरले’ असे काहीतरी विचित्र हाती आले असते. क्रीडापानांवर हा प्रयोग रुळण्यामागे इंग्रजी बातम्यांची प्रेरणा असेलही, ते मी नाकारत नाही. पण क्रियापदही आपले आहे आणि विभक्तीही आपली, त्यामुळे त्याला भाषांतर म्हणून बाद करणे मला पटत नाही.

ज्येष्ठांचा शब्दही मात्र साधा नाही, आणि तो त्यांना का सुचला असावा याचा माझा एक अंदाज आहे. ‘सुटणे’ आणि ‘सोडवणे’ ही कुस्तीच्या फडातील क्रियापदे आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडून गिरणीकामासाठी आलेल्या माणसांनी लालबाग-परळला तालमी आणल्या, आणि तालमींबरोबर ही भाषाही आली. फडात दोन मल्ल एकमेकांना खरोखरच धरून असतात. वेळ लांबते, दोघेही दमतात, पाठ कोणाचीच लागत नाही. मग पंच त्या दोघांना सोडवतात, दोघांचेही हात वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सुटते. येथे सोडवणारा पंच असतो, मल्ल नव्हे. पुढे हे क्रियापद कबड्डी, बुद्धिबळ, फुटबॉल अशा सगळ्याच खेळांत शिरले आणि सोडवण्याचे काम पंचाकडून खेळाडूकडे गेले. ‘अमुक संघाने सामना बरोबरीत सोडवला’ हे आज सर्वमान्य मराठी आहे, त्यात दोष काढण्याचे कारण नाही. तरीही ते ‘रोखले’च्या जागी बसत नाही आणि त्याचे कारण व्याकरणात आहे.

‘रोखणे’चे कर्म प्रतिस्पर्धी संघ असतो : मिडल्सब्रोला रोखले. ‘सोडवणे’चे कर्म सामना असतो : सामना सोडवला. दुरुस्ती करताच मिडल्सब्रो कर्माच्या जागेवरून उठतो आणि ‘मिडल्सब्रोविरुद्धचा सामना’ असा सामन्याचे विशेषण होऊन बसतो. वाचकांनी मुद्दाम योजलेल्या ‘बलाढ्य’ शब्दाला तर वाक्यात धड जागाच उरत नाही. शिवाय ‘सोडवला’ कोणत्याही बाजूने म्हणता येते. चेस्टरफिल्डनेही सामना बरोबरीत सोडवला, मिडल्सब्रोनेही सोडवला. ‘रोखले’ मात्र उलटवून पाहा : ‘बलाढ्य मिडल्सब्रोने चेस्टरफिल्डला बरोबरीत रोखले.’ व्याकरण शुद्ध आहे, पण वाचणारा थबकतो आणि चेस्टरफिल्ड कधीपासून वरचढ झाला, असे मनात विचारतो. उंच कोण आणि ठेंगणा कोण हे ‘रोखणे’ हे क्रियापद न सांगता सांगून जाते, आणि आपल्या टिपणाचा विषय नेमका तोच आहे.

याच ओघात ‘राखणे’चाही उल्लेख करतो, कारण मुद्रितशोधनात ‘राखला’ आणि ‘रोखला’ यांची अदलाबदल मी अनेकदा पकडली आहे. क्रिकेटमध्ये संघ सामना अनिर्णित ‘राखतो’, म्हणजे हातचा जाऊ देत नाही. सामना राखायचा, संघ रोखायचा. फुटबॉलमध्ये ‘अनिर्णित’पेक्षा ‘बरोबरी’ अधिक चालते, कारण तेथे गोल खरोखरच समान झालेले असतात. क्रिकेटच्या अनिर्णित कसोटीत धावा समान असाव्या लागत नाहीत, आणि शेवटचा डाव पूर्ण होऊन त्या समान झाल्याच तर आपण ‘टाय’ म्हणून मोकळे होतो.

प्रत्यक्ष सामन्याला हा शब्द कितपत लागू पडतो, हेही तपासले पाहिजे. १३ एप्रिल १९९७ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झालेल्या त्या सामन्यात मिडल्सब्रोचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर काढला गेला आणि उत्तरार्धात चेस्टरफिल्डने दोन गोलांची आघाडी घेतली; त्यातला दुसरा गोल शॉन डाइशने पेनल्टीवर केला होता. मिडल्सब्रोने एक गोल फेडल्यावर चेस्टरफिल्डचा एक फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडल्यासारखा दिसला, पण पंचांनी गोल दिला नाही. पुढे २-२ झाले, जादा वेळेत मिडल्सब्रो ३-२ असा पुढे गेला, आणि जादा वेळ संपता संपता जेमी ह्यूइटने हेडरवर तिसरा गोल करून ३-३ केले. या पटात ‘बरोबरी साधणे’ दोनदा घडले : आधी मिडल्सब्रोने साधली, नंतर चेस्टरफिल्डने. ‘रोखणे’ एकदाच घडले, अगदी शेवटी. सामना २-२वर संपला असता, तर मी ‘रोखले’ लिहिले नसते. ‘चेस्टरफिल्डचा विजय हुकला’ असे लिहिले असते. तेव्हा बरोबरी साधणे ही मैदानावरची एका क्षणाची कृती आहे आणि बरोबरीत रोखणे हा शेवटची शिटी वाजल्यावर दिलेला निवाडा आहे. आपण तो शब्द योग्य सामन्यासाठी वापरला आहे.

एक अडचण मात्र उरते. उपांत्य सामन्यातून एकालाच पुढे जायचे असते, मग बरोबरीवर तो संपेल कसा? तेव्हा बरोबरी झाली की फेरसामना होत असे. तो २२ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झाला आणि मिडल्सब्रोने ३-० असा जिंकला. या स्पर्धेतील उपांत्य फेरीचे फेरसामने १९९९ नंतर बंद झाले, आता जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउटवर त्याच दिवशी निकाल लागतो. म्हणून आजच्या एखाद्या उपांत्य सामन्याविषयी नुसते ‘बरोबरीत रोखले’ लिहिले, तर वाचक पुढे कोण गेले, असे विचारणारच. तेथे ‘निर्धारित वेळेत’ किंवा ‘जादा वेळेअखेर’ हे शब्द जोडावे लागतील. ब्रॅडफर्ड सिटीने डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधील लीग कप स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलला १-१ असे रोखले आणि पेनल्टींवर ३-२ असे नमवले. अशा ठिकाणी मथळ्यात ‘नमवले’ हवे, ‘रोखले’ मजकुरात येऊ द्यावे. त्याच ब्रॅडफर्डने उपांत्य फेरीत अॅस्टन व्हिलाविरुद्ध पहिला टप्पा ३-१ असा जिंकला आणि दुसरा १-२ असा गमावूनही एकूण ४-३ अशा फरकाने अंतिम फेरी गाठली. त्या दुसऱ्या टप्प्यासाठी ‘रोखले’ चालणार नाही, तेथे ‘थोपवले’ लिहावे. पूर थोपवतात तसे व्हिलाला थोपवले : पाणी थोडे आत आले, पण घर वाचले.

लाल शाईच्या नजरेतून सुटलेली चूक वेगळीच आहे, आणि ती आहे ‘दुसऱ्या श्रेणीतील’. १९९२ मध्ये प्रीमियर लीग वेगळी झाल्यावर तिच्याखालच्या श्रेणीचे नाव ‘फर्स्ट डिव्हिजन’ झाले आणि त्याही खालचीचे ‘सेकंड डिव्हिजन’. चेस्टरफिल्ड सेकंड डिव्हिजनमध्ये होता, म्हणजे प्रत्यक्षात तिसऱ्या श्रेणीत. नावाचे भाषांतर केल्याने आपण त्या संघाला एक पायरी फुकट वर चढवले आहे. २००४ पासून ही नावे पुन्हा बदलली, पण सापळा तोच राहिला : ‘लीग वन’ ही तिसरी श्रेणी आहे आणि ब्रॅडफर्ड तेव्हा ज्या ‘लीग टू’मध्ये होता, ती चौथी. म्हणून नाव द्यायचे तर देवनागरीत जसेच्या तसे द्यावे, आणि श्रेणी सांगायची तर वरून मोजून सांगावी. ‘उपांत्य’ हा शब्द आपण अचूक वापरला आहे. शुद्धलेखनाच्या नियमांतील ‘उपान्त्य अक्षर’ ज्याने घोकले आहे, त्याला शेवटच्याच्या अलीकडचे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या अंकात चालणार नाही, पण या प्रसंगाला सर्वांत जवळचा शब्द मुंबईच्या बोलीत आहे. शिवाजी पार्कवर संध्याकाळी खेळणारी मुले ‘चेस्टरफिल्ड मिडल्सब्रोला नडली’ असे म्हणतील. प्रमाण मराठीत नडते ती गोष्ट : अतिशहाणपण नडते, स्वभाव नडतो, आणि अडला-नडला माणूस बिचारा असतो. मुंबईत मात्र माणूस माणसाला नडतो, आणि तोही बहुधा आपल्यापेक्षा मोठ्याला. अडचण होणे या अर्थापासून समोर उभे ठाकणे या अर्थापर्यंत या शब्दाने केलेला प्रवास मला फार आवडतो. हरणाऱ्यालाही नडता येते, ही त्याची आणखी एक सोय. ‘रोखणे’ला तेवढी मुभा नाही.

आपले वाक्य मी असे छापले असते : ‘तिसऱ्या श्रेणीतील चेस्टरफिल्डने बलाढ्य मिडल्सब्रोला उपांत्य सामन्यात जादा वेळेअखेर ३-३ असे बरोबरीत रोखले, फेरसामन्यात मात्र मिडल्सब्रोने ३-० अशी सरशी साधली.’ ज्येष्ठांचे मन राखायचे असेल, तर ‘सामना बरोबरीत सुटला’ हे छायाचित्राखालच्या ओळीत वापरावे. तेथे कर्ता कोण, हे चित्रच सांगते.