जुना प्रेस फोटो अस्सल आहे हे कसं ओळखायचं? आणि तो स्लॅबमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कवचात, बंद करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की विक्रेता 1930 च्या दशकातला खेळाचा प्रेस फोटो ‘ओरिजिनल’ म्हणून देतोय. त्याला आधी विचारा, ओरिजिनल काय, चित्र की कागद? फोटोला दोन तारखा असतात, एक शटर दाबल्याची आणि दुसरी हातातली प्रत निघाल्याची. घोळ होतो तो या दुसऱ्या तारखेत.

प्रेस फोटोंचे संग्राहक चार टाइप मानतात. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत म्हणजे टाइप 1. निगेटिव्ह तीच पण प्रत उशिराची, तर टाइप 2. नकलेच्या निगेटिव्हवरून किंवा तारेने (टेलिफोनच्या तारांवरून पाठवलेल्या) आलेल्या चित्रावरून त्याच काळात काढलेली टाइप 3, आणि तशीच पण पुढे कधीतरी काढलेली टाइप 4. चारही ‘खऱ्याच’, म्हणून विक्रेता खोटं न बोलताही तुम्हाला फसवू शकतो.

माझंच सांगतो. 22 जून 1938 च्या मुष्टियुद्धाच्या लढतीत जो लुईसने मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत आडवा केला, त्याचा एक फोटो मी टाइप 1 समजून घेतला. पुढून बघितलं तर देखणा. घरी आल्यावर उलटा केला. मागे जांभळ्या शाईचा थोडा तिरका पडलेला शिक्का: युनायटेड प्रेस इंटरनॅशनल. ही संस्था जन्मली 1958 मध्ये, दोन वृत्तसंस्था एकत्र येऊन. तरी मी आशा सोडली नाही, कारण जुन्या संस्थांचे संग्रह पुढे तिच्याकडे आले, तेव्हा जुन्या प्रतीवर नंतर शिक्का मारलेला असू शकतो. मग अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला आणि कागद धुतलेल्या सदऱ्यासारखा निळसर पांढरा चमकला. फोटोच्या कागदात अशी चमक आणणारी द्रव्यं 1950 च्या दशकापासून येऊ लागली. विषय संपला.

ही परीक्षा एकतर्फी आहे, एवढं ध्यानात ठेवा. चमकला तर 1930 चा नाही. नाही चमकला तर जुना असेलच असं नाही, कारण नंतरच्याही काही कागदांत ती द्रव्यं नसतात. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन 1940 मध्ये वारले, आणि त्यांच्या हातच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रती पुढे याच चमकेमुळे संशयात सापडल्या. तेव्हा आपण फसलो तर फार लाजायचं कारण नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंगही घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, छपाई आहे. बारीक समांतर रेघा दिसल्या तर चित्र बहुधा तारेने आलेलं. कागद प्लास्टिकचा थर दिल्यासारखा गुळगुळीत लागला तर तो 1970 च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. फोटो तिरका धरल्यावर कडेच्या काळ्या भागात चंदेरी झाक दिसली तर चांगली खूण, पण निव्वळ खूणच. मागे चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी मात्र काढू नका, गोंदाचे डाग पुसू नका. निम्मा पुरावा तिथेच असतो.

आता स्लॅब. परीक्षण करणारी कंपनी फोटो पारदर्शक कडक प्लास्टिकमध्ये घालून कडा कायमच्या जोडते आणि वर टाइप लिहिलेलं लेबल लावते. बोटांचे ठसे, दुमडणं, कोपरे झिजणं यांपासून फोटो वाचतो, आणि पुढे विकायचा असेल तर अनोळखी गिऱ्हाइकाला धीर येतो. उजेडापासून मात्र तो वाचत नाही, तेव्हा स्लॅब खिडकीसमोर मांडू नका. दुसऱ्याने केलेला स्लॅब घेत असाल तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधा आणि तिथलं चित्र ओरखड्यानिशी जुळतंय का बघा, कारण लेबलंही बनावट निघतात. आणि बंद करायच्या आधी मागची बाजू नीट स्कॅन करून ठेवा, एकदा आत गेला की कागदाला हात लावता येत नाही.

विकायचा नसेल तर स्लॅबची गरज नाही, पॉलिस्टरचं पाकीट पुरतं. पीव्हीसीचं नको, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. माझा श्मेलिंग तसाच पाकिटात आहे, मागच्या कार्डावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘लढत 1938 ची, प्रत नंतरची.’