खिडकी राहू द्या, आधी पॉलिसीचा कागद वाचा

जुळे सोलापुरातल्या एका वाचकाने विचारलंय: वरच्या मजल्यावर हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला बे विंडो बसवू की बो विंडो? बेचं कोटेशन १ लाख ९० हजार, बोचं २ लाख ६० हजार. त्यासाठी पर्सनल लोन घ्यायचं आणि ‘तीन वर्षांत दुप्पट’ म्हणून बँकेत गळ्यात मारलेल्या योजनेचा तिसरा हप्ता भरला की त्या पैशातून ते फेडायचं.

खिडकीचं थोडक्यात सांगतो. बेला तीन तावदानं: मधलं सरळ, बाजूची दोन तिरकी. बोला चार-पाच सारखी तावदानं, गोलाईत. जोड जास्त, म्हणून महाग. पश्चिमेला मात्र दोन्ही नकोत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पुढे आलेली काच संध्याकाळपर्यंत ऊन आत ओढेल. तिथे खोल छज्जा आणि साधी सरकती खिडकी ठेवा. हौसच असेल तर उत्तरेला बे करा, इंजिनिअरला आधी विचारून.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रासोबत पाठवलेला त्या ‘दुप्पट’ योजनेचा कागद तुम्ही वाचलेला दिसत नाही. ती एफडी नाही, विमा पॉलिसी आहे. वर्षाला दीड लाख, १० वर्षं भरायचे, पैसे १५ वर्षांनी. भराल १५ लाख, मिळतील २५. म्हणजे परतावा जेमतेम पाच टक्के. पीपीएफमध्येही, म्हणजे सरकारच्या १५ वर्षांच्या बचत योजनेत, वर्षाला दीड लाखच भरता येतात आणि २०२० पासून व्याज ७.१ टक्के आहे. तो दर टिकला, तर तेच हप्ते तिथे ३१ लाखांच्या घरात जातात. ‘दुप्पट’ सांगून ही पॉलिसी विकणाऱ्याचा मला संताप येतो.

पॉलिसी चालू ठेवलीत तर तिसऱ्या वर्षी हातात काहीच येणार नाही. २ लाख ६० हजारांचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचं तर महिना ८,९००, एकूण ३ लाख २० हजार. ते पगारातूनच जाणार. त्याहून मोठी काळजी वेगळी: डोक्यावर ३० लाखांचं गृहकर्ज, घरात दोन लहान मुलं आणि विमा फक्त १५ लाखांचा. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवनविमा, घ्या. तो हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद करू नका.

तिसरा हप्ता जूनमध्ये आहे. त्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज पॉलिसी सोडली तर किती मिळतील, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर शेवटी किती. फसवून विकल्याची तक्रारही लेखी द्या. महिन्याभरात समाधान झालं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही. ‘दुप्पट’ लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तो डिलीट करू नका.