अमेरिका-चीन अभिरूप चर्चेला पहिल्यांदा बसताना

या लुटुपुटूच्या वाटाघाटीत चीनची बाजू वाट्याला आली म्हणून हिरमुसू नकोस, शिकायला तीच जास्त मिळते. आधी एवढंच कर:

- १९७२चं शांघाय निवेदन, म्हणजे अमेरिका आणि चीनचं संयुक्त निवेदन, मुळातून वाच. व्हिएतनाम, कोरिया, अगदी भारत-पाकिस्तानबद्दलही दोन्ही देशांनी आपापली मतं त्यात वेगवेगळी मांडली आहेत. मतभेद न लपवता संयुक्त कागद कसा तयार होतो, ते तिथे दिसतं.
- मग याच दोन देशांची १९७९ आणि १९८२ची संयुक्त निवेदनं. तैवानवर बोलायचं तर तिन्ही हाताशी हवीत.

नवी मुलं हमखास भाषण ठोकतात, समोरच्याला गप्प करायला बघतात. ही वादविवाद स्पर्धा नव्हे. समोरच्याला मायदेशी काय मिळवलं म्हणून दाखवता येईल, ते शोध. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या सिद्धान्तांची जाड पुस्तकं सध्या राहू देत. आणि चहाच्या सुट्टीत एकटी बसू नकोस. निम्मा मसुदा तिथेच ठरतो.