एकावरून नऊवर आणि परत : सतरा अंकांची प्रश्नोत्तरे

१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न : ही मूळ संख्या आहे का?

नाही. नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे आणि वर्ग कधी मूळ नसतो.

प्रश्न : वाचायची कशी?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांच्या नावांच्या यादीप्रमाणे डावीकडचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर येतो. त्यापुढच्या 'परार्ध' या स्थानाला एकच अंक कमी. पुढचं वाचन शाळेतल्या बाईंकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या डोंबिवलीतल्या एका क्लासवाल्यांच्या मते ही ऋषींनी सांगितलेली भाग्यसंख्या आहे. फी भरू का?

कशाला? अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, आणि तेही जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डेम्लो स्टेशनवरून. तेच तुमचं आजचं डोंबिवली! अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो. अशा संख्येला कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटलं. भाग्याचा इथे संबंध नाही. फी भरण्याआधी गणित शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

प्रश्न : मी सोसायटीचा खजिनदार. एक्सेलमध्ये ही संख्या टाकली तर शेवट ३०० येतो. मग १०० ने भाग जातो ना?

इथेच माझं डोकं फिरतं. संख्येच्या शेवटी एक आहे, तिला दोननेही भाग जात नाही, शंभराचं काय घेऊन बसलात! एक्सेल पंधरा अंकच धरून ठेवतं; सोळावा आणि सतरावा अंक गेला आणि तिथे शून्य बसलं. तक्रार नाही, लाल खूण नाही. चौकटीचा प्रकार 'जनरल' असेल तर १.२३४५७ई+१६ असलं काहीतरी दिसतं आणि लोक प्रकार 'नंबर' करून निश्चिंत होतात. आता मला सांगा, सभासदांचे खाते क्रमांकही याच तक्त्यात आहेत का? सोळा-सतरा अंकी असतील तर त्यांचीही शेपटं गेली असणार. नंतर चौकटीचा प्रकार 'टेक्स्ट' केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. आकडा टाकण्याआधीच तो करायचा. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. आजच प्रत्येक क्रमांक पासबुकाशी ताडा, शंका वाटली तर बँकेत जाऊन विचारा, आणि तोवर त्या तक्त्यावरून एक रुपयाही पाठवू नका.

प्रश्न : दहा एकांच्या वर्गातही हीच चढउतार दिसेल?

नाही. चौकटीच्या वहीत दहा एकांच्या दहा ओळी लिहा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मधल्या उभ्या रांगेत दहा एक येतात : शून्य लिहा, हातचा एक. शेजारी नऊ आणि एक, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचा नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, चढणीवरचा आठ गायब. मुलाला हे हातानेच करू द्या. अडला तर वही घेऊन त्याच्या बाईंकडे पाठवा.