टिलरचं गिअर ऑइल चहासारखं झालंय, ग्रीस भरू का?

प्रश्न : सासवडजवळ आमचा अंजिराचा आणि थोडा भाजीपाल्याचा तुकडा आहे, तिथे बाबांनी घेतलेला जुना पेट्रोल टिलर वापरतो. गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते घरात कुणालाच आठवत नाही. परवा बोल्ट उघडला तर आत दुधाच्या चहासारखं काहीतरी दिसलं, आणि पात्यांच्या शाफ्टजवळून गळतंय पण. मेकॅनिक म्हणतो ग्रीस भरून टाका, गळायचं थांबेल. मॅन्युअल हरवलंय. काय करू? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दादा, ग्रीस अजिबात भरू नका. ऑइल तळाला साठतं, गिअर फिरताना ते वर उचलतात आणि ते परत खाली येतं, असं चालू राहतं. ग्रीस एकदा फेकलं गेलं की भिंतीला चिकटून बसतं, परत येतच नाही आणि दात कोरडे घासत राहतात. गळायचं थांबेल पण गिअर जातील, आणि जुन्या मशीनचे गिअर मिळवताना फार वणवण होते.

चहासारखा रंग म्हणजे आत पाणी गेलंय. टिलर पावसात उघड्यावर राहिला असेल, किंवा पाइप लावून धुताना पाणी थेट सीलवर, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावर मारलं असेल. पाती काढून शाफ्ट बघा, बहुतेक गवत किंवा सुतळी गुंडाळलेली सापडेल, तीच सीलची कड कापते. पात्यांना हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची कॅप मात्र नक्की काढा!

ऑइल काढायच्या आधी मशीन पाच मिनिटं चालवा म्हणजे ते पातळ होऊन नीट निघेल. आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का बघा आणि मगच खालचा ड्रेन सोडा, नाहीतर ऑइल निघून जायचं आणि वरचा जाम, मग बसा. खाली ड्रेन नसेल तर मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढून घ्या. घमेल्यात निघालेलं ऑइल बोटांवर चोळून बघा, बारीक करडी पेस्ट असली तर चालतं, पण कपच्या लागल्या तर बॉक्स उघडायलाच हवा.

सील बदलायचं तर त्याच्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. ते लिहून किंवा जुनं सीलच घेऊन नाना पेठेत जा, कंपनीचं नाव सांगत फिरायची गरज नाही. बॉक्सवर हवेचं बारीक भोक असेल तर तेही साफ करा, ते बुजलं की आत प्रेशर होतं आणि नवीन सीलमधूनसुद्धा ऑइल बाहेर येतं.

आता ऑइल कुठलं. दुकानात ९० नंबर मागितलं की कुठलंही देतात, तुम्ही डब्यावर जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का बघून घ्या. जुन्या टिलरमध्ये बऱ्याचदा वर्म गिअरचं (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या गिअरचं) चाक ब्राँझचं असतं आणि जीएल-५ मधले काही गंधकाचे अ‍ॅडिटिव्ह ब्राँझला खातात, म्हणून मी एवढा आग्रह धरतोय. टिलर सपाट जागेवर ठेवून लेव्हलच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरा, जास्त भरलं तरी सीलवाटेच बाहेर येणार. आणि पाणी एका दमात सगळं निघत नाही, म्हणून आठ-दहा तास चालवून परत एकदा बदला. जुनं ऑइल बांधावर ओतू नका हो, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते जुनं ऑइल विकत घेणारे नेतात.