अजिबात न जुळणाऱ्या जुळ्या भावांचा विनोदी इंग्रजी चित्रपट कोणता?

आपण विचारलेला चित्रपट म्हणजे १९८८ सालचा, आयव्हन राइटमन दिग्दर्शित ‘ट्विन्स’. धिप्पाड आर्नोल्ड श्वार्झनेगर आणि ठेंगणा डॅनी डेव्हिटो हे जुळे भाऊ आहेत, या एका कल्पनेवरच निम्मे हसू वसूल होते. एक बेटावर पुस्तकांच्या सहवासात वाढलेला भाबडा, तर दुसरा अनाथालयातून लॉस एंजेलिसच्या लबाडीत मुरलेला. त्यांची पहिली भेट तुरुंगात, काचेआडून होते आणि नाते सांगितल्यावर ठेंगणा जी उपरोधाने मान डोलावतो, ते पाहण्यासारखे आहे. शेवटची मारामारी मात्र लांबली आहे. आम्हां नांदेडकरांना, माळेगावच्या जत्रेत हरवलेल्या भावंडांच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे, हे कथानक परके वाटत नाही. फक्त इथे ओळख पटवायला गळ्यातला ताईत नाही.